यादूची नक्कल

चंद्रकलाने टाळी वाजवली. यादूने तिच्या हातांकडे टक लावून पाहिलं आणि जांभई दिली.

तिने लाकडी कंगवा स्वतःच्या केसांतून फिरवला आणि त्याच्या हाती दिला. त्याने तो खाली ठेवला. तिने रिकाम्या कपातून खोटंखोटं पाणी प्यायलं, ठोकळ्यावर ठोकळा रचला, बाहुलीला थोपटलं. तीन वर्षांचं पोर सगळं बघत होतं आणि करत काहीच नव्हतं. सानगडीपर्यंत एसटी, पुढे चिखलातून उसनी सायकल, आणि इथे येऊन या पठ्ठ्यापुढे माकडचेष्टा. उन्हाळ्यापासून हेच चाललं होतं.

"सोडा ना बाई," यादूची आजी गोदावरीबाई खांबाला टेकून म्हणाल्या. "खुळा हाय तो. मायच्या पोटचाच गुन हाय. आमी टेकचंदसाठी दुसरी पाहून ठेवली. पोयाचा बैलाइचा सन झाला का हिले माहेरी धाडतो, पोट्ट्यासकट."

हिले म्हणजे सत्यभामेला. यादूची आई दाराच्या चौकटीत डोक्यावर पदर घेऊन उभी होती. सासूपुढे तोंड उघडायची तिला सोय नव्हती. ती फक्त पोराच्या हातांकडे बघत होती. तिचा नवरा टेकचंद भाताच्या रोवणीसाठी शेताच्या बांधीत गेला होता, आणि घरात असता तरी आईपुढे ब्र काढणार नव्हता.

चंद्रकलाच्या मस्तकात तिडीक गेली. ती भंडाऱ्याच्या बालमार्गदर्शन केंद्रातली मानसशास्त्रज्ञ. गावात तिला डोक्याची डॉक्टरीण म्हणत. यादूला ऐकू येतं, नीट दिसतं, हे तिने पहिल्याच भेटीत तपासलं होतं. घोडं अडलं होतं एकाच ठिकाणी. मूल आधी दुसऱ्याचं बघून करतं, मग बोलतं. याने एक, फक्त एक गोष्ट बघून केली असती, तर म्हातारीला ठणकावून सांगता आलं असतं की पोर शिकणारं आहे, उद्या बोलेल, सून इथेच राहील. नुसत्या तोंडच्या आश्वासनावर कोण विश्वास ठेवणार?

"आजी, घरी त्याच्यापुढे काई करून दाखवता का? म्या सांगतलं होतं."

"आमाले कामं नाई का जी?"

एरवी चंद्रकलाने तिथेच भांडण काढलं असतं. पण गोदावरीबाईंची एक गोष्ट तिने मनात जपून ठेवली होती. पहिल्या दिवशी त्यांनी तिचं आडनाव विचारलं होतं. मेश्राम म्हटल्यावर तिच्या गावातला, वरठीतला, मोहल्लाही विचारला होता. तिच्या बापाने दीक्षा घेतली त्याला पंचवीस वर्षं उलटली होती. तिने सरळ सांगून टाकलं, आम्ही बौद्ध. "असू द्या ना बाई, आता कोन पायते तसं," असं हसून म्हणत म्हातारीने स्वतःच्या हाताने घरापुढच्या छपरीत तिच्यासाठी पोतं अंथरलं होतं. यादूला तिच्या मांडीवर बसू दिलं होतं. तेवढ्यासाठी चंद्रकला बाकीचं सगळं गिळत आली होती.

आज मात्र तिचा धीर सुटला. ती उठली. खेळणी नेहमीसारखी यादूपाशीच राहू दिली, चपला पायात सरकवल्या आणि तणतणत अंगणात उतरली.

"बाई! बाई, पाहा जी!"

सत्यभामा उंबरा ओलांडून बाहेर आली होती. डोक्यावरचा पदर ढळला होता, तिला त्याची शुद्ध नव्हती. "करून राहिला! पाहून पाहून करून राहिला माया यादू!"

चंद्रकला वळली. यादू उठला होता. दोन्ही हातांनी धरून त्याने तांब्या आणला होता. इवल्या ओंजळीने त्याने पोत्यावर पाणी शिंपडलं. चारही कोपऱ्यांवर. मग एकेका ठोकळ्यावर. कंगव्यावर, कपावर, बाहुलीवर. मध्येच नसलेल्या लुगड्याचा काठ त्याने गुडघ्यापाशी उचलून धरला आणि आजीसारखे ओठ मुरडून काहीतरी पुटपुटला.

चंद्रकलाला आनंदाने रडू फुटायचंच बाकी होतं. अशी चोख नक्कल तिने शहाण्यासुरत्या पोरांकडूनही पाहिली नव्हती.

यादूने उरलेलं पाणी स्वतःच्या डोक्यावर ओतून घेतलं.

मग तिला कळलं. ती गेल्यावर दर वेळी या छपरीत काय होत होतं ते कळलं. सत्यभामेलाही भान आलं, तिने तोंडावर हात धरला.

"लेकरू हाय, पान्यात खेयते," म्हणत गोदावरीबाई तांब्या हिसकायला वाकल्या.

"हात नका लावू त्याले!" चंद्रकला ओरडली. तिच्या अंगाची लाही लाही होत होती. वाटलं, म्हणावं, हो, खुळाच आहे तुमचा नातू, आणि पाठ फिरवावी. म्हातारीची चांगली जिरली असती. पण संसार उठला असता तो उंबऱ्यापाशी उभ्या सत्यभामेचा.

ती पायऱ्या चढून परत आली. ओल्या पोत्यावर मांडी घालून बसली. निथळत्या यादूला ओढून तिने मांडीवर घेतलं आणि पदराने त्याचं डोकं पुसलं.

"सुनेले कुठी धाडाचं काम नाई, आजी," ती म्हणाली. "नातू खुळा नाई तुमचा. तुमी शिकवलं, ते सारं शिकला."