घाणेकरबाईंकडे ठेवलेलं महाबळेश्वर

घाणेकरबाईंनी थालीपिठाचा घास घेतला आणि म्हणाल्या, “मीठ कमी पडलंय गं, ऋजू.”

ऋजुताला ऋजू म्हणणारा जगात एकच माणूस होता, तिचा नवरा मंदार, आणि तो शेजारी बसून लोण्याचा गोळा निरखत होता.

सत्तेचाळिसाव्या वर्षी स्मृतिभ्रंशाचं निदान झाल्यावर मंदारने होत्या तेवढ्या आठवणी आपल्या ऑफिसातल्या घाणेकरबाईंच्या डोक्यात उतरवून ठेवल्या. हे काम बायकोला देत नाहीत. बायका जुन्या भांडणांचे निकाल बदलतात, असं आठवणी उतरवणाऱ्या केंद्राच्या नियमावलीत म्हटलं होतं. आता बाई दर रविवारी येऊन त्याला एकेक आठवण सांगत.

“आज महाबळेश्वर सांगते,” बाई म्हणाल्या.

“ते आमचं खासगी आहे,” ऋजुता म्हणाली.

“माहितीये ना मला,” म्हणत बाई लाजल्या.

ऋजुताच्या अंगाची लाही झाली. हनिमून तिचा, लाजणार घाणेकरबाई, आणि चहा मात्र पुन्हा तिनेच टाकायचा.

“एवढंच सांगा,” ती शेवटी म्हणाली. “तिथे मी त्याला कशी दिसले होते? त्याने कधी सांगितलंच नाही.”

बाईंनी मान किंचित कलती करून तिच्याकडे नुसतं पाहिलं. अगदी मंदार पाहायचा तसं. ऋजुताचे कान तापले.

मंदारने दोन महिन्यांत बायकोचं नाव घेतलं नव्हतं. आजही घेतलं नाही. तो उठला, आपली खुर्ची ओढत आणून दोघींच्या मधोमध ठेवली आणि तिथेच ठाण मांडून बसला.

“ओ बाई,” तो म्हणाला, “हिच्याकडे असं बघायचं नाही.”