अर्ध्या इंचाची चूक

काखेची गोलाई अर्धा इंच पुढे गेली होती. हेटीने ती पाहिली.

लांब टेबलावर सर्जचं निळं लोकरी कापड पसरलं होतं आणि त्याच्यावर बाबांनी, एम्ब्रोज क्रॅनफिल्ड यांनी, खडूने कोट आखला होता. तसाच शिवला असता, तर गिऱ्हाइकाला घोडागाडी थांबवायला हात वर करणंही जड गेलं असतं.

"अशी काय बघतेस?" बाबा म्हणाले. "बाप म्हातारा दिसायला लागला का?"

"बाप चहाला उशीर करतोय, एवढंच दिसतंय."

"मार टोमणे. आई गेली, पण जीभ तुला देऊन गेली."

ते हसत जिना उतरले. हेटीने ब्रश घेतला, चुकीची रेघ झटकली आणि नवी ओढली. बाबा दोन कप घेऊन परत आले तेव्हा ती खिडकीपाशी उभी होती. चहा झाल्यावर ती वरच्या मजल्यावर आपल्या वेस्टकोटांच्या शिवणकामाकडे गेली. थोड्या वेळाने खालून कात्रीचा आवाज आला, सलग, न अडखळता.

हे तीन वर्षं चाललं होतं. बाबा कापड नाकाशी नेऊन बघायला लागले, तेव्हा पहिल्यांदा एका कॉलरीची रेघ चुकली. हेटीने भीत भीत ती सुधारली. बाबांनी तिच्याच रेघेवरून कापड कापलं आणि त्यांना पत्ताही लागला नाही. म्हणजे बाबांना दिसत नाही.

लंडनमधल्या शिंप्यांच्या पेठेच्या, सॅव्हिल रोच्या, मागच्या त्या गल्ल्यांत बायका काजं करत, अस्तर लावत, वेस्टकोट शिवत. बेतायची कात्री पुरुषाच्या हाती. विल्मॉट यांच्या दुकानात ती चाळीस वर्षं बाबांच्या हाती होती आणि ती काढून घेतली असती, तर त्यांच्याजवळ दुसरं काही उरलं नसतं. म्हणून हेटी कुणाशी बोलली नाही. त्यांच्याशी तर नाहीच.

कॉलरी पुढे आपोआप सुधारल्या. मग खांदे चुकू लागले, मग बाह्या. गेल्या हिवाळ्यात चौकड्यांच्या कापडावर खिशाच्या रेघा अंगाच्या रेघांशी जुळेनात. डोळे खालावतात तसा माणूस नव्या नव्या जागी चुकतो, असं तिने स्वतःला समजावलं. टेबलाशी उभं राहायची ती दहा मिनिटं आपल्याला दिवसभर हवीहवीशी वाटतात, हे मात्र तिने स्वतःलाही सांगितलं नाही.

त्या गुरुवारी दोघं बरोबरच घरी गेली. बाबांनी दोन खारवलेले मासे खाल्ले आणि तिच्या बटाट्यांना नावं ठेवली. शुक्रवारी सकाळी बुटाची नाडी बांधायला ते वाकले आणि परत सरळ झाले नाहीत.

सोमवारी त्यांना मूठमाती दिली. मंगळवारी विल्मॉट साहेब दंडाला काळी फीत लावून बेतायच्या खोलीत आले.

"क्रॅनफिल्डसारखा बेतणारा पुन्हा मिळायचा नाही," ते म्हणाले. "लोक म्हणतात म्हातारपणी हात जड होतो. त्याचा शेवटचं वर्षभर आणखी हलका झाला होता." त्यांनी टोपी हातात फिरवली. "लीड्सहून नवा माणूस आलाय. खाली बसलाय. तू तुझे वेस्टकोट सांभाळ, पोरी."

हेटीच्या ओठांवर शब्द आले. ते बोलली असती, तर लंडनभरची गिऱ्हाइकं आंधळ्याने बेतलेला कोट घालून, चुका शोधत आरशापुढे उभी राहिली असती. बाबांच्या मागे त्यांचं नावच तर उरलं होतं.

"बरं, साहेब."

विल्मॉट साहेब खाली गेले. कोपऱ्यात टोबायस इस्त्री करत होता. तीस वर्षं तो तिथेच उभा होता.

"बोलली का नाहीस?" त्याने विचारलं.

"काय बोलायचं?"

"वर्षभर कोण बेततंय ते."

हेटीने टेबलाची कड धरली. "टोबायसकाका, तुमच्या पाया पडते, कुणाला सांगू नका. बाबांना दिसत नव्हतं हो."

टोबायसने इस्त्री उभी केली.

"एम्ब्रोजला? अगं, चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसून तो पहिल्या बाकावरच्यांच्या कॉलरींचे टाके मोजायचा. प्रार्थना माझ्यावर सोडून."

"मग रेघा? त्या रोज चुकायच्या."

"चुकायच्या कसल्या! रोज सकाळी डोकं खाजवत बसायचा. 'टोबायस, कॉलर जमली तिला. आता काय बिघडवू?' सुरुवातीला तुझ्या नजरेतून निसटायचं. मग तू वर गेलीस की गुपचूप नीट करायचा. गेल्या वर्षभरात एकदाही करावं लागलं नाही त्याला."

जिना करकरला. विल्मॉट साहेब पुढे होते आणि त्यांच्या मागे चामडी पिशवी घेतलेला एक उंच माणूस. त्याने टेबलाकडे पाहिलं. हेटी टेबलापुढून हलली नाही.

"साहेब," ती म्हणाली, "इथं मी बेतते. मला बाबांनी शिकवलंय."