दोन घरांची एक चूल

लंडन, १६६५चा ऑगस्ट. सकाळी सातला शिपायाने हेस्टर पार्जेटरच्या दारावर प्लेगचा लाल क्रूस रंगवला आणि बाहेरून कुलूप घातले. तिचा थोरला मुलगा तापाने फणफणत होता. मग शिपाई शेजारच्या, गाडीवान अँब्रोज टकेटच्या दाराकडे वळला. तेवढ्यात अँब्रोज गाडी घेऊन परतला; त्याची बायको आणि मुलगी आतच होत्या.

"अहो साहेब, हे घर वेगळं आहे! आमच्याकडे कुणाला ताप नाही!"

"वेगळं? मार्चमध्ये दर चुलीमागे सरकारी पट्टी वसूल करणाऱ्याबरोबर मीच आलो होतो ना! तेव्हा शपथेवर काय बोललास? 'आमची चूल मोडली, मधली भिंत फोडली, हेस्टरकाकूच्या चुलीवर सगळे रांधतो, आता घर एकच.' तेव्हा कुठे गेलं होतं रे तुझं वेगळं घर?"

"पट्टी वाचवायला केलं हो ते! भिंतीचं भगदाड आत्ता बुजवतो. पोरीला तेवढी बाहेर येऊ द्या."

"चूल एक, तर घर एक. तूच शिकवलंस," म्हणत शिपायाने दुसरे कुलूप लावले.

सुरुवातीला बायको वरच्या खिडकीतून बोलायची. परवापासून ती खिडकी उघडलेली नाही. अँब्रोजच्या हाकेला आतून कुणीच ओ देत नाही.

दोन्ही घरांच्या त्या एकाच धुराड्यातून आज सकाळीही धूर निघाला. चूल कोणत्या घरच्या माणसाने पेटवली, ते रस्त्यावरून कळत नाही.