पहिलं सॉकेट

आईला चार-चार बटणं दाबायचा कंटाळा, म्हणून बाबांनी ती सॉकेटांची पेटी स्वतः बनवली होती. पहिल्या सॉकेटमध्ये टीव्ही. टीव्हीने वीज ओढली, की पेटीतला रिले, म्हणजे आपोआप चालणारा स्विच, टक् करायचा आणि बाकीच्या सॉकेटमधले ॲम्प्लिफायर, स्पीकर चालू व्हायचे. टीव्ही बंद केला, की पुन्हा टक् आणि सगळं बंद.

बाबांना जाऊन चार महिने झाले. गेल्या आठवड्यात टीव्ही बिघडला, तो मी दुरुस्तीला टाकला. पहिलं सॉकेट रिकामं झालं.

तरी आज दुपारी जेवण करून आई सोफ्यावर आडवी झाली आणि पेटीत टक् झालं. ॲम्प्लिफायरचा हिरवा दिवा लागला.

मीही वायरिंगचीच कामं करते, बाबांच्याच हाताखाली शिकले. पेटी उघडून मीटर लावला. रिकाम्या सॉकेटमधून वीज जात होती, टीव्हीला लागते तेवढीच.

"मेन स्विचच बंद करते," मी म्हणाले.

"राहू दे गं," आई डोळे न उघडताच म्हणाली. "रोजचंच आहे. झोप लागली की बंद करतात ते."

पूर्वी सिनेमा बघता बघता आम्ही दोघी पेंगायचो. दोघींनाही झोप लागली, की मग बाबाच उठून टीव्ही बंद करायचे.

मी शेजारच्या खुर्चीत बसून राहिले. आईचा श्वास संथ झाला, ती हलकंसं घोरूही लागली. दिवा तसाच.

मग लक्षात आलं. अजून मी जागी होते.

मी डोळे घट्ट मिटून घेतले. काहीच झालं नाही. माझं झोपेचं सोंग बाबांना लहानपणीही लगेच कळायचं.