पेलाभर पाणी

अर्धांगवायूच्या झटक्यात गेडीस बाईंचं इंग्रजी पार पुसून गेलं. उरली ती लहानपणची स्कॉट्स बोली, आणि स्कॉटलंडमधल्या फॉरफरच्या वृद्धाश्रमात बाकीच्या सेविका परदेशी, ती समजणारी एकटी इशबेल.

चौथीत असताना इशबेलने वर्गात "बाई, मी ड्रूथी आहे" म्हणून पाणी मागितलं होतं, ते ह्याच बाईंकडे. तहानेसाठीचा असला गावंढळ स्कॉट्स शब्द तोंडातून निघाला की हाताखाली हात धरायचा, तळवे वर करायचे आणि चामडी पट्ट्याची वाट बघायची, हा बाईंचा नियम. त्या दिवशी पट्टा मिळाला, पाणी नाही.

"ड्रूथी," आज बाई पुटपुटल्या. "ड्रूथी गं, पोरी."

इशबेलने पेला भरला आणि त्यांचा हात पोचणार नाही असा लांब धरला.

"हे कसलं बोलणं, बाई? चांगल्या घरच्या ना तुम्ही? नीट इंग्रजीत मागा, मग देते."

बाईंनी शब्द शोधून पाहिले. इंग्रजी काही येईना.



मग त्यांनी लुळ्या हाताखाली चांगला हात घातला, तळवे वर करून पुढे धरले आणि लहान मुलीसारखे डोळे घट्ट मिटून घेतले.