तीनदा धुतलेली टाकी

टाकी रिकामी होती. ती तीनदा धुतलेली होती. वीस वर्षे तिच्यात तीव्र सल्फ्युरिक आम्ल साठवले जात असे, आणि ते जळत नाही. तरीही छताची केसाएवढी चीर सांधायला वेल्डरने ठिणगी पाडताच टाकी फुटली. वेल्डर छतासकट समोरच्या भिंतीवर आदळला.

"गॅसची नळी उघडी ठेवली असणार, दुसरं काय," व्यवस्थापक म्हणाला. "तरुण रक्त, मॅडम. लक्ष एकीकडे, हात दुसरीकडे."

नळी जळून गेली होती. त्यामुळे हे विधान सिद्धही होत नव्हते आणि खोडताही येत नव्हते. तपासणी अधिकारी बाईंनी ते लिहून घेतले नाही.

दाराशी आम्ल-भांडाराचा म्हातारा राखणदार उभा होता. कारखान्यात सगळेच त्याला मामा म्हणत. नात्याने म्हणणारा एकटा वेल्डर होता.

"चहासुद्धा तीनदा फुंकून प्यायचा पोरगा," मामा म्हणाला. "तो नळी उघडी ठेवील? साहेब, तुम्हाला सोपं पडतं म्हणून मेलेल्याच्या माथी मारताय."

"मामा, जरा जपून बोला," व्यवस्थापक म्हणाला.

"आता कशाला जपू?"

बाईंनी व्यवस्थापकाला बाहेर पाठवले आणि मामाला खुर्ची दिली.

"टाकी कोणी धुतली?"

"मीच. आदल्या दिवशी दुपारी. पोरगा हसत होता, 'टाकीला काय लग्नाला न्यायचंय, मामा? किती घासताय!' तरी तीनदा धुतली. वरून झाकण घट्ट लावलं, रात्री कुणाचा पाय जाऊ नये म्हणून."

"पाणी बाहेर सोडायचं तोंड तळापासून किती वर आहे?"

"चार बोटं."

"म्हणजे चार बोटं पाणी आत राहिलं. आणि त्याखाली आम्लाचा गाळ."

"पाणीच ना ते, मॅडम."

"याआधी दुरुस्ती झाली, तेव्हा धुतली होती?"

मामाने आठवले. "दोनदा झाली. नुसती रिकामी केली, झाकण उघडं टाकलं, लगेच काम. काही झालं नाही." मग तो म्हणाला, "तेव्हा वेल्डर परके होते."

बाईंनी पेटीतून काचेचे दोन पेले काढले. एकात तीव्र आम्ल ओतले. दुसऱ्यात आधी पाणी आणि मग बेताने थोडे आम्ल. टाकीच्या फुटक्या पत्र्याचे दोन तुकडे त्यांनी दोहोंत टाकले.

पहिल्या पेल्यात काहीच झाले नाही. तीव्र आम्ल लोखंडावर क्षाराचा पातळ थर चढवते आणि त्या थराआड लोखंड शाबूत राहते. म्हणूनच ती टाकी वीस वर्षे टिकली. दुसऱ्या पेल्यात पाण्याने तो थर विरघळला. पत्र्यावरून बारीक बुडबुडे निघू लागले आणि थांबेनात.

बाईंनी त्यावर परीक्षानळी उलटी धरली. मिनिटभराने तिच्या तोंडाशी पेटती काडी नेली. टप्प असा आवाज झाला.

मामा दचकला नाही. त्याने दुसरा पेला डोळ्यांसमोर धरला आणि बुडबुडे पाहत राहिला.

"रात्रभर असंच चालू होतं?"

"हो. झाकणाखाली."

"आणि धुतली नसती तर?"

पहिला पेला मेजावर स्तब्ध होता.

मामाने हातातला पेला त्याच्याशेजारी ठेवला. "ह्यात पोराची चूक?"

"काही नाही."

"मग तसं लिहा. उद्या माझी बहीण विचारील, तेव्हा तिला कागद दाखवता आला पाहिजे."

"कागदावर टाकी कोणी धुतली तेही येईल."

"लिहा," मामा म्हणाला. "मी इथंच बसतो."

बाईंनी लिहिले:

'गॅसची नळी उघडी राहिल्याचा पुरावा नाही. वेल्डरची चूक नाही. टाकी पाण्याने धुतल्यामुळे तळाशी उरलेले आम्ल सौम्य झाले. सौम्य आम्लाची लोखंडाशी अभिक्रिया होऊन हायड्रोजन तयार झाला व बंद झाकणाखाली साठला. त्याने वेल्डिंगच्या ठिणगीने पेट घेतला. टाकी धुणारा : मृताचा मामा. धुण्याचे कारण : काळजी.'