न लिहिलेली अट

"कायले खोडाले लावता मॅडम? चांगलं होतं थे वाक्य," कीबोर्डवरची बोटं न उचलता पंजाबराव पुटपुटले.

सुमेधाताईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. घाटंजीच्या कोर्टात लघुलेखकाची कुरकुर आणि पंख्याची कुरकुर, दोन्ही न्यायाधीशानं सोसायच्या असतात.

लीलाबाईंनी राहतं घर मुलाला, अमरला, बक्षीसपत्रानं देऊन टाकलं होतं. त्यानं आईची खाट ढोरांच्या कोठ्यात नेऊन टाकली. आता बाई घर परत मागत होत्या. पण बक्षीसपत्रात 'आईला सांभाळीन' अशी अट नव्हती. आणि अट नाही तर दिलेलं बक्षीस परत नाही.

"अट का नाही घातली?" साक्षीच्या वेळी सुमेधाताईंनी विचारलं होतं.

"लिहिणाऱ्यानं इचारलं होतं, साहेब. मलेच राग आला. म्हटलं, पोटच्या पोराले अट घालू? दूध पाजताना घातली होती काय?"

तेच मनात ठेवून सुमेधाताईंनी आज सकाळी निकालात एक वाक्य सांगितलं होतं: आई जी अट लिहीत नाही, ती कोर्टानं वाचायची असते. मग त्यांना वरचं कोर्ट आठवलं. अपिलात हे टिकणार नाही, शेरा तेवढा आपल्या नावावर बसेल. कायदा लावायचा असतो, करायचा नसतो, असं त्यांनी स्वतःला बजावलं आणि ते वाक्य खोडायला सांगितलं.

खिडकीतून मायलेक येताना दिसले. एकाच फटफटीवर. गावाहून दुसरी सोय नव्हती, म्हणून दाव्यातली वादी प्रतिवादीच्या खांद्याला धरून आली होती.

दावा नामंजूर झाला. लीलाबाईंना कळलं नाही. त्यांनी वकिलाकडे पाहिलं. वकील फाइल बांधू लागले. अमरकडे पाहिलं, तो गाडीची किल्ली चाचपत राहिला.

"मंग मी कोठ्यातच झोपू?"

"अपील करता येईल, आजी," सुमेधाताई म्हणाल्या.

"थे राहू द्या. तुमच्या कायद्यात माह्यासाठी जागाच नव्हती का? तेवढं सांगा, म्हणजे मी जाते."

पंजाबरावांची बोटं थांबली. पंखा तेवढा कुरकुरत होता.

"होती," सुमेधाताई म्हणाल्या. "मीच खोडली."